करडं दुधावरून तोडताना

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहून शेळ्या पाळायच्या तर आधी पावसाचं गणित मांड. जूनच्या तोंडावर करडं आईपासून तोडू नकोस. दूध सुटल्याचा ताण आणि ओल्या गवतातले जंत एकाच वेळी अंगावर आले की पिल्लू खंगतं.

तोडायचं ते अडीच-तीन महिन्यांनी, पण वयापेक्षा वजन बघ. जन्मवजनाच्या अडीच-तीन पट भरलं नसेल तर थांब. खरी तयारी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होते. गोठ्याचा एक कोपरा असा अडव की करडं आत शिरतील, शेळी नाही. तिथे मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड आणि फणसाचा पाला टांगून ठेव. चघळण्याची सवय लागली तरच पोट चाऱ्याला तयार होतं, नुसत्या दुधावर नाही.

तोडताना करडं ओळखीच्या जागीच राहू देत, हलवायचं शेळीला. तिचा खुराक दोन दिवस आधीच कमी कर, नाहीतर कास तटतटते.

चरायला दव सुकल्यावरच सोड. पाणथळ मेरेवर तर नकोच. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस पावसाळ्याआधी टोचून घे. जंताचं औषध मात्र लेंडी तपासूनच. दर महिन्याला डोळे मिटून पाजणारे बरेच दिसतात, मला ते पटत नाही.