पीडी-एल१ ८० टक्के आला, तरी डॉक्टर इम्युनोथेरपी लगेच का सुरू करत नाहीत?

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, थांबवून ठेवणारे डॉक्टर बरोबर आहेत. तुम्ही लिहिलंय की वडिलांना फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार) आहे, आजार पसरलाय, त्यांनी सिगारेटला कधी हात लावलेला नाही आणि ईजीएफआर, एएलके या जनुकांचे रिपोर्ट अजून यायचेत. यातली सिगारेटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हे टक्के मोजून लिहिणं माझं रोजचं काम. बायॉप्सीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर अँटीबॉडी टाकली की पीडी-एल१ हे प्रथिन असलेल्या पेशीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. जिवंत कॅन्सर पेशींपैकी शेकडा किती पेशींना अशी कड आहे, तेवढंच मोजायचं. कड फिकट किंवा अर्धवट असली तरी चालते. पंचाईत होते ती मॅक्रोफेजची. त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, कॅन्सरच्या नसतात, पण रंगतात झकास, आणि चुकून मोजल्या गेल्या तर आकडा फुगतो. तेव्हा ८० की ७५, यावर आम्ही दोघं पॅथॉलॉजिस्ट खुशाल वाद घालू. उपचार ठरवताना मुख्यतः १ आणि ५० टक्के या दोन रेषा बघतात, आणि वडिलांचा आकडा ५०च्या बराच वर आहे.

मग अडलंय कुठे? ५०च्या वर नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायची पद्धत ज्या चाचणीने रूढ केली, ती कीनोट-०२४. तिचे निकाल २०१६ साली आले. गाठी लक्षणीय आकसल्या त्या या औषधावर सुमारे ४५ टक्के रुग्णांच्या, केमोवर २८ टक्के. पण ईजीएफआर किंवा एएलकेचा बदल असलेल्या रुग्णांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. म्हणजे हे दोन बदल नाहीत असं कळेपर्यंत तुमच्या ८०चा अर्थच लागत नाही.

पीडी-एल१ हा टी-पेशींना, म्हणजे कॅन्सरवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना, घातलेला लगाम, औषध तो सोडवतं. ईजीएफआर किंवा एएलकेमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये बदललेलं जनुक स्वतःच पीडी-एल१ वाढवू शकतं. टी-पेशी तिथे बऱ्याचदा फिरकलेल्याही नसतात. लगाम सोडला, पण घोडा जागेवर नाही! अशा रुग्णांत आकडा मोठा असूनही इम्युनोथेरपी बहुधा फिकी पडते, आणि त्या बदललेल्या जनुकावरच्या गोळ्या मात्र छान चालतात. सिगारेट न ओढणाऱ्यांत हे बदल जास्त सापडतात, म्हणून वर तसं म्हटलं.

घाईचा धोकाही खरा आहे. इम्युनोथेरपीचा डोस दिल्यावर ईजीएफआरचा बदल सापडला आणि लगोलग ऑसिमर्टिनिब ही त्यावरची गोळी सुरू केली, तर फुफ्फुसांना गंभीर सूज येण्याची शक्यता वाढते. पहिलं औषध आठवडेच्या आठवडे शरीरात राहतं, ते काढून घेता येत नाही.

दम फार लागत असेल, थांबणं शक्यच नसेल, तर आधी नुसती केमो देऊन इम्युनोथेरपी रिपोर्टनंतर जोडता येते का, हे डॉक्टरांना विचारा. सोबत रक्तातून जनुकीय तपासणीही विचारा, ती बरेचदा लवकर येते. तिच्यात ईजीएफआरचा बदल सापडला तर तो खरा धरतात. नाही सापडला तर मात्र बायॉप्सीच्या तुकड्याच्या रिपोर्टची वाट पाहावीच लागेल, कारण काही गाठी रक्तात पुरेसा डीएनए सोडतच नाहीत.