अमेरिकेत शेतकरी माणूस शेरीफ कसा काय होतो? आणि झाल्यावर त्याच्या शेतीचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की तिकडे पोलीस भरती, परीक्षा असलं काही नसतं का. असतं, पण ते डेप्युटींना, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांना. शेरीफ निवडून येतो. मी आयोवात इथेनॉलच्या प्लांटवर नोकरीला आहे, आजूबाजूला नुसता मका आणि सोयाबीन, आणि आमच्या शेजारचे आजोबा आधी शेतकरी होते आणि मग बरीच वर्षं काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे, शेरीफ. घरात आम्ही त्यांना शेरीफकाकाच म्हणतो. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांच्याकडूनच ऐकलेलं आहे.

मुंबईचे शेरीफ डोक्यात असतील तर ते बाजूला ठेवा, ते मानाचं पद, दिलीपकुमार होते, गावसकर होते. इथे शेरीफ म्हणजे अख्ख्या काउंटीची पोलीस, तुरुंग आणि कोर्टाची कागदपत्रं बजावणं हे सगळं एका माणसाच्या नावावर. आयोवात 99 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा शेरीफ वेगळा, दर चार वर्षांनी मतदान, रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट असं पक्षाचं तिकीटसुद्धा असतं. अ‍ॅडम्स काउंटीत चार हजारसुद्धा माणसं नाहीत तरी तिथेही शेरीफ आहेच. त्याची बदली होत नाही, वरती साहेब नाही, काउंटीचा कारभार बघणारे सुपरवायझर बजेटला कात्री लावतील पण त्याला घरी पाठवू शकत नाहीत. आपल्या पोलीस पाटलाला एसपीचे अधिकार द्या आणि त्याला मतं मागायला दारोदार फिरवा, साधारण तसं काहीतरी.

आता शेतकरी यात का पडतो. काका सरळ सांगतात, हेल्थ इन्शुरन्ससाठी, इथे तो नोकरीबरोबर मिळतो, शेतकऱ्याला स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. 80 च्या दशकात इथल्या शेतीची पार वाट लागली होती. 70 च्या दशकात बँका बोलवून बोलवून कर्ज देत होत्या, लोकांनी जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले, मग व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास गेले आणि जमिनीचे भाव कोसळले. आयोवात एकरी सरासरी भाव 1981 ला 2,147 डॉलर होता तो 1986 ला 787 वर आला. म्हणजे कर्ज तेवढंच आणि तारण एक तृतीयांश. काका तेव्हा दिवसा डुकरं आणि शेत बघून रात्री काउंटीच्या तुरुंगात जेलर म्हणून जायचे, मग डेप्युटी झाले, जॉन्स्टनला कॅम्प डॉजमध्ये राज्याची पोलीस अ‍ॅकॅडमी आहे तिथलं ट्रेनिंग केलं, आणि जुने शेरीफ रिटायर झाल्यावर उभे राहिले. प्रचार म्हणजे काय तर धान्याच्या एलेव्हेटरवर, म्हणजे शेतकरी माल घालतात त्या कोठारावर, कॉफी प्यायची, चर्चच्या जेवणाला जायचं आणि काउंटी फेअरमध्ये उभं राहायचं. त्यांना ओळखत नाही असं घरच नव्हतं.

आणि हीच ओळख नंतर अंगावर आली. कर्ज थकलं की कोर्ट जमीन विकायचा हुकूम देतं, पण लिलाव पुकारायचा कोणी तर शेरीफने. कोर्टहाऊसमध्ये उभं राहून नोटीस मोठ्याने वाचायची, जमिनीचं पूर्ण वर्णन, कुठला सेक्शन, कुठला पाव हिस्सा, किती एकर, मग बोली. काका म्हणतात वाचताना मी मान वर करायचो नाही, कारण ज्याची जमीन जातेय तो समोर टोपी हातात धरून उभा असायचा, आणि त्याच माणसाने आदल्या साली माझ्या कंबाइनचा (कापणी-मळणीच्या यंत्राचा) बेल्ट तुटला तेव्हा स्वतःचं काम टाकून येऊन माझं सोयाबीन काढून दिलं होतं. बाहेर लॉनवर लोकांनी पांढरे क्रॉस रोवलेले, गेलेल्या एकेका शेतासाठी एकेक. ऑक्टोबर 1985 मध्ये गव्हर्नर ब्रॅनस्टॅडनी शेतजमिनींच्या लिलावांवर काही काळ स्थगिती आणली, तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला.

हे प्रकरण किती पेटू शकतं त्याचा अंदाज इथल्या जुन्या लोकांना होता. एप्रिल 1933 मध्ये आयोवातल्याच ल मार्स गावात शेतकऱ्यांनी जज ब्रॅडलीला कोर्टातून ओढून बाहेर नेलं, गळ्यात दोर घातला, जप्तीच्या हुकमांवर सही करणार नाही अशी शपथ घे म्हणाले, त्याने शेवटपर्यंत घेतली नाही, जीव वाचला पण गव्हर्नरला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, पाठवावे लागले. त्यामुळे शेतकरीच शेरीफ असणं हे चांगलं की वाईट याचं माझं उत्तर असं की लिलाव काही टळत नाही, पण शिव्या न खाता आणि गोळी न चालता पार पडायची शक्यता वाढते. बँकेला याचं काही पडलेलं नसतं, तो भाग वेगळा.

बाकी रोजचं काम सिनेमासारखं अजिबात नाही. अर्ध्याहून जास्त डोकं तुरुंगात जातं, कैद्याची औषधं, जेवण, दारू उतरताना कोणाला झटके आले तर डॉक्टर. रात्री दोनला फोन येतो की काळ्या गाई डांबरी रस्त्यावर आल्यात, कानातला बिल्ला बघून कोणाच्या ते कळतं आणि मालकाला उठवायचं. नवरा-बायकोच्या भांडणाला जाणं सगळ्यात धोक्याचं, बॅकअप यायला अर्धा तास. पुढे मेथ या नशेच्या ड्रगचा जमाना आला, ते बनवायला पोरं खताच्या टाकीतून अनहायड्रस अमोनिया चोरायची, रबरी नळी लावून प्रोपेनच्या छोट्या सिलिंडरमध्ये भरायची. पितळी व्हॉल्व्ह निळा-हिरवा पडलेला दिसला की काका ओळखायचे यात अमोनिया आहे. मेथ बनवायला सर्दीच्या गोळ्याही लागायच्या, 2005 मध्ये त्यांच्यावर कायद्याने बंधनं आली मग ते कमी झालं.

शेतीचं म्हणाल तर जमीन विकली नाही, धाकट्या भावाला अर्धेलीने दिली. ऑक्टोबरात रजा टाकून स्वतः कंबाइनवर बसायचे, केबिनमध्ये पोलीस रेडिओ चालू. डुकरं मात्र काढून टाकली कारण त्यांना रोज माणूस लागतो, आणि ते बरंच झालं म्हणायचं, डिसेंबर 1998 मध्ये जिवंत डुकराचा भाव पौंडाला 10 सेंटच्याही खाली गेला होता. त्या हिवाळ्यात डेप्युटीची एक जागा निघाली तर अर्ज करणाऱ्यांत डुकरंवालेच जास्त, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, इन्शुरन्समध्ये बायको-पोरं धरतात का.