‘ताप आला होता’ : शाळा बुडवून काढलेल्या एका सहलीचा अनुभव

सप्टेंबर उजाडला की साताऱ्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात लहान मुलांचे पालक एक प्रश्न हमखास घेऊन येतात : दिवाळीच्या सुट्टीची वाट न पाहता दोन-चार दिवस शाळा बुडवून मुलांना फिरायला नेले, तर त्यांचे नुकसान होते का? सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याऐवजी मी बहुधा एका कुटुंबाचा अनुभव सांगते. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो येथे देत आहे.

या कुटुंबाचे कापडाचे दुकान आहे. घरात आजोबा, आई-वडील, दुसरीत शिकणारी मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आई मुलीला घेऊन आल्या त्या पोटदुखीच्या तक्रारीसाठी. सोमवारी सकाळी गणवेश अंगावर चढला की पोट दुखू लागे आणि शाळेची वेळ टळून गेली की आपोआप थांबे. बालरोगतज्ज्ञांनी तपासून शारीरिक कारण नसल्याचे सांगितले होते. ही तपासणी झाल्याशिवाय मी अशा तक्रारीला हात घालत नाही.

कारण आईंनी स्वतःच शोधून ठेवले होते. पितृपक्षात कापडाच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही आणि दिवाळीत मालकाला जेवायलाही उसंत मिळत नाही, म्हणून त्यांनी सप्टेंबरअखेरीस चार दिवस शाळा बुडवून मुलांना कोकणात नेले होते. “मॅडम, सत्र परीक्षा तोंडावर असताना आम्ही हिंडायला गेलो. अभ्यास मागे पडला, त्याचंच तिला टेन्शन आलंय,” असे त्या म्हणाल्या. आजोबांचे निदान वेगळे होते : पितृपक्षात घराबाहेर पडायलाच नको होते.

मी वह्या मागवल्या. राहिलेला अभ्यास म्हणजे हातच्याच्या बेरजांची दोन पाने आणि एक कविता, आणि ती कविता तर तिने मला म्हणूनही दाखवली. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या अधिनियमाने, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरवून दिले आहेत. एरवी नियमित शाळेत जाणारे दुसरीतले मूल त्यातल्या चार दिवसांनी मागे पडत नाही. दर महिन्याला काही ना काही निमित्ताने शाळा बुडणे ही मात्र निराळी आणि खरोखर काळजीची गोष्ट आहे.

दुसऱ्या भेटीत मुलगी एकटीच माझ्यासमोर बसली होती. चित्र काढण्यासाठी तिने कंपासपेटी उघडली, तेव्हा खोडरबराच्या खाली तीन शिंपले दिसले. मी सहज विचारले, “समुद्र आवडला का गं?” तिने पेटी पटकन मिटली आणि खाली बघत म्हणाली, “मी नव्हते गेले. मला ताप आला होता.”

उलगडा त्या वाक्यात होता. वडिलांनी शाळेच्या डायरीत ‘ताप असल्याने चार दिवस शाळेत येऊ शकली नाही’ असे लिहून दिले होते आणि विचारले तर तसेच सांगायचे, असे मुलीला बजावले होते. वर्गशिक्षिका प्रेमळ होत्या, त्या आठवडाभर “आता बरं वाटतंय का बाळा?” असे विचारत राहिल्या आणि त्यांनी तिला दोन दिवस मैदानावरही धावू दिले नाही. इकडे आईंच्या मोबाइलच्या स्टेटसवर समुद्राचे फोटो होते, ते एका मैत्रिणीच्या आईने पाहिले आणि मैत्रिणीने वर्गात सगळ्यांदेखत विचारले. मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारी थाप सात वर्षांच्या मुलाला फार जड होते, कारण नियम हा त्याच्या लेखी कधीही न वाकणारा असतो आणि थाप मारायला सांगणारे व थाप मारू नये असे शिकवणारे आई-बाबा एकच असतात. बाईंच्या प्रेमाला ती रोज खोटे उत्तर देत होती. सहलीच्या आनंदाचीही तिला चोरी झाली होती, आणि मला विचाराल तर बुडालेल्या बेरजांपेक्षा हे नुकसान मोठे होते.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. “अहो मॅडम, आमच्या वेळी सुगीला महिनाभर शाळा बुडायची, आम्हाला कुठं काय झालं?” असे ते म्हणाले. मी म्हटले, “पण तेव्हा तुम्हाला कोणी ताप आल्याचं सांगायला लावलं नव्हतं ना?” ते गप्प झाले. दोन दिवसांनी त्यांनी मुलीला शेजारी बसवून त्याच डायरीत खरे कारण लिहिले, चूक आपली असल्याचेही लिहिले, आणि स्वतः जाऊन बाईंना भेटले. पोटदुखी मात्र जादूने गेली नाही. ती हळूहळू विरळ होत दिवाळीच्या सुट्टीनंतर थांबली आणि डिसेंबरमध्ये एका चाचणीच्या दिवशी पुन्हा डोकावली. ती भीती वेगळी होती आणि तिच्यावर आम्ही वेगळे काम केले.

पुढच्या वर्षाचा प्रश्न उरलाच होता, कारण धंद्याचा हंगाम आणि शाळेची सुट्टी एकाच वेळी येणे ही त्यांची अडचण खरी होती. जूनमध्ये शाळेचे वार्षिक नियोजन हाती आल्यावर आम्ही ते आणि घरातील दिनदर्शिका शेजारी ठेवून बसलो. अनेक पालकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की दिवाळी सरकते आणि तिच्यासोबत सत्र परीक्षाही मागेपुढे होते : लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आले. कासची फुले मात्र पावसाच्या हिशेबाने सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच असतात, त्यामुळे ती दिवाळीच्या सुट्टीत कधीच सापडत नाहीत. साताऱ्याहून कास जेमतेम पंचवीस किलोमीटर, म्हणून ते अर्ध्या दिवसाचे काम ठरले : सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचे, प्रवेशाची नोंदणी आधीच करायची, यवतेश्वरच्या घाटात धाकट्याला ओकारी होते म्हणून त्याला निघण्यापूर्वी हलकेच काही खायला द्यायचे आणि ऊन चढण्याच्या आत घरी परतायचे.

लांबच्या सहलीसाठी वडिलांनीच एक फट शोधली. भाऊबीज झाली की दुकानातली गर्दी ओसरते, आणि लग्नसराईची खरेदी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. मधल्या काही दिवसांत शाळेलाही सुट्टी असते. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. अडचण एकच होती की ते दिवस दरवर्षी आईंच्या सांगलीच्या माहेरासाठी राखलेले असत, आणि त्यावरून घरात थोडी कुरबुरही झाली. अखेर भाऊबीज आणि पुढचा एक दिवस सांगलीला, तिथूनच तीन दिवस कोकणात, आणि शाळा सुरू होण्यापूर्वी एक पूर्ण दिवस घरी, असे ठरले. शेवटच्या दिवसासाठी मी आग्रह धरला होता, कारण रात्री अकराला घरी पोहोचलेले मूल सकाळी शाळेत नुसते बसलेले असते.

कुठे जायचे, हे मुलीला विचारले तेव्हा तिने मागच्याच वर्षीचा समुद्र सांगितला. “तिथं तर आपण जाऊन आलोय की,” वडील म्हणाले. “हो,” ती म्हणाली, “पण मला बाईंना सांगायचंय.”