ताई, त्या कागदावर सही नको

प्रश्न : माझा मुलगा वैमानिकाचं प्रशिक्षण घेतो. 61 तास झालेत. परवा दुपारी एकट्याने उड्डाण करून सेसना 172 उतरवताना वाऱ्याचा झोत आला, विमान दोनदा उसळलं, पुढचं चाक मुडपलं आणि विमान पट्टीबाहेर गवतात गेलं. त्याला खरचटलंही नाही. संस्था म्हणते, ‘चूक माझी’ असं लिहून द्या, 18 लाख भरा, आपण आपसात मिटवू. वर कळवलं तर लायसन्स अडकेल. प्रवेशाच्या वेळी घेतलेला कोरा चेक त्यांच्याकडे आहे. फीसाठी आम्ही शेत गहाण टाकलंय. काय करावं?

उत्तर : ताई, पोरगा धडधाकट घरी आला, हे आधी मनाशी धरा. सही करू नका, पैसेही भरू नका.

पण त्याआधी एक काम आहे, आणि ते आजच करायचं. एकट्याने उडताना कायद्याच्या नजरेत विमानाचा मुख्य वैमानिक तुमचा मुलगाच होता. अपघात डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, आणि विमान अपघात तपास विभागाला, म्हणजे एएआयबीला, 24 तासांत कळवण्याची पहिली जबाबदारी म्हणूनच त्याच्यावर येते. ‘आपसात मिटवू’ म्हणणारी संस्था त्यालाच अडचणीत ढकलते आहे. उशीर झाला तर झाला. जे घडलं ते आणि उशिराचं खरं कारण लिहून दोन्हीकडे ईमेल करा.

संस्था म्हणेल, हा अपघात नव्हेच. नुसता टायर किंवा पंखा खराब झाला असता तर ते पटलं असतं. पण या विमानात पुढच्या चाकाचा दांडा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याला, जोडलेला असतो. उसळून आपटल्यावर हा पत्रा अनेकदा वाकतो, आणि तसं असेल तर मोठी दुरुस्ती लागते, मग तो अपघातच ठरतो. विमान हलवलं असेल तर फोटो शोधा.

तपासाला घाबरू नका. एएआयबीच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं एवढाच आहे, दोष किंवा नुकसानभरपाई ठरवणं नाही. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 13 मध्येच तसं म्हटलंय. लायसन्सची चौकशी डीजीसीए वेगळी करू शकतं, पण तिथे लपवाछपवी चुकीपेक्षा महाग पडते.

आता वारा. समजा पट्टीची दिशा 290 अंश, वारा 250 अंशांकडून आणि झोत 24 नॉटचा, म्हणजे ताशी साधारण 44 किलोमीटरचा. त्यातला पट्टीला आडवा लागणारा भाग 15 नॉटच्या वर जातो. या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यात चाचणीत उतरवून दाखवल्याचा आकडा 15 नॉट आहे. शिकाऊ मुलांसाठी संस्थेची स्वतःची मर्यादा सहसा त्याहून कमी असते. म्हणून मला विचारायचंय : त्या दुपारी त्याला एकट्याला सोडण्याची सही कुणाची? तेव्हा वारा किती नोंदला होता? उड्डाण-परवानगीची वही, वाऱ्याची नोंद, रेडिओवरचं बोलणं, हे सगळं जपून ठेवा आणि प्रती द्या, असं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा. मात्र प्रशिक्षकाने ‘उतरू नको, पुन्हा फेरी मार’ सांगूनही मुलगा उतरला असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते. ते त्याला आधी शांतपणे विचारा.

18 लाखांचा हिशेबही मागा. करारात ‘नुकसान विद्यार्थ्याकडून’ असं कलम असलं तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. विमानाचा विमा असणार. एकाच नुकसानीचे पैसे संस्थेला विम्याकडून आणि तुमच्याकडून असे दोनदा खिशात घालता येत नाहीत. अपघात कळवलाच नाही तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. संस्था तुमच्यामागे का लागली, याची शंका मला इथेच येते.

चेकबद्दल लगेच लिहून कळवा, की तो फीच्या हमीपोटी होता आणि या रकमेसाठी भरायची परवानगी नाही. पेमेंट थांबवलं तरी चेक न वटल्याची, म्हणजे कलम 138 ची, केस होऊ शकते, पण मग हेच पत्र तुमच्या बचावात कामी येईल. चेक परतल्याची नोटीस आली तर 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या, एकही दिवस चुकवू नका.

आणि मुलाला आज रात्री एकट्याला बसून लिहू द्या : निघताना वायुदर्शक पिशवी कशी होती, अंतिम टप्प्यात वेग किती होता, पहिल्यांदा आपटल्यावर त्याने हात कुठे नेला. कुणाला दोष न देता, तारीख घालून. तुम्ही शेजारी बसा, पण मजकूर सुचवू नका.