दुधना नदीच्या पाण्यात फवारणीचं औषध सापडत नाही, मग पॅसिव्ह सॅम्पलर लावावा का?

तुम्ही दर महिन्याला दुधनेतून बाटली भरून तपासणीला देता, अहवाल कोरा येतो आणि फवारणीच्या दिवसांत मासे मात्र मरून वर येतात. पॅसिव्ह सॅम्पलर, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचं आणि औषध आपोआप शोषून घेणारं साधन, जरूर लावा. मी मराठवाड्यातच पाणी तपासणीचं काम करतो, आणि आपल्या नद्यांना याची फार गरज आहे असं माझं ठाम मत आहे. फवारणीनंतर पहिला जोराचा पाऊस झाला की शेतातलं औषध ओढ्यावाटे नदीत उतरतं आणि दोन-चार दिवसांत पुढं निघून जातं. ठरल्या तारखेची बाटली ते गाठणार कशी? सॅम्पलर दोन-तीन आठवडे पाण्यातच असतो आणि येईल ते साठवत जातो.

कपाशीवरचं इमिडाक्लोप्रिड, मक्यातलं अॅट्राझिन पाण्यात विरघळतं. त्यासाठी पोसिस (POCIS) नावाचा चकतीसारखा सॅम्पलर घ्या: दोन पातळ पडद्यांच्या मध्ये शोषक पावडर, वरून स्टीलच्या कड्या. क्लोरपायरिफॉससारख्या, चरबीत मुरणाऱ्या औषधांना सिलिकॉनच्या पट्ट्या बऱ्या. ग्लायफोसेट हे तणनाशक यांपैकी कशातच नीट धरलं जात नाही, त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

हिशोब सोपा आहे. चकती दिवसाला 0.2 लिटर पाण्यातलं औषध ओढत असेल, तर 14 दिवसांत 2.8 लिटरचं होतं. तिच्यात 28 नॅनोग्रॅम निघालं, तर सरासरी लिटरला 10 नॅनोग्रॅम. पण हा 0.2 चा आकडा औषधागणिक आणि प्रवाहागणिक बदलतो, म्हणून पोसिसचं उत्तर अंदाज म्हणूनच वापरा. सिलिकॉनच्या पट्टीत आधीच ठरावीक रसायनं भरून पाठवतात; त्यातली किती पाण्यात निघून गेली यावरून ओढण्याचा वेग काढता येतो.

सॅम्पलर ठेवलेला पिंजरा डोहात लावा, काठाला नको. पाणी हटून चकती उघडी पडली की ती हवेतलंही शोषते, मग तो नमुना गेलाच. लावताना हाताला डासांचं मलम नको. त्यातलं डीट हे रसायन थेट अहवालात दिसतं. एक जादा चकती लावताना आणि काढताना काठावर तेवढाच वेळ उघडी ठेवून तीही तपासायला द्या. हे बहुतेक जण टाळतात, आणि मग सापडलेलं औषध नदीतलं की हातातलं हे सांगता येत नाही.

मासे मेलेले दिसतील त्या दिवशी मात्र बाटलीच भरा, काचेची, आणि बर्फात ठेवा. विरघळलेला प्राणवायू तिथंच मोजा. मासे प्राणवायू संपल्यानंही मरतात, आणि ते सॅम्पलर सांगू शकत नाही.