आधी लेकराचा ठेका धरा

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे. गुलमोहराची वाळकी शेंग जोरात वाजवतो, पण गाण्याशी ताल कधीच जुळत नाही. काळजीचं आहे का? (एक आई, भुसावळ)

अजिबात नाही. बाहेरच्या तालाशी हातपाय जुळवणं साधारण चौथ्या वर्षानंतर हळूहळू जमतं. शिवाय लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते, त्यामुळे आपलं संथ गाणं त्यांना जड जातं. तुम्ही उलटं करा, ताई. त्याने शेंग वाजवली की दुसऱ्या शेंगेने तुम्ही त्याचा ठेका धरा, तो थांबला की थांबा. मग तो मुद्दाम थांबून तुमच्याकडे बघायला लागेल. खरा खेळ तिथून सुरू होतो. शेंग मात्र बंद असलेलीच द्या. तडकली की लगेच काढून घ्या.

प्रश्न : अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं आहेत, वाद्यं एकही नाही. (सेविका, शहादा तालुका)

सातपुड्याच्या पायथ्याची तुमची मुलं होळीचा ढोल ऐकत वाढलेली, ताल त्यांच्या अंगात आहे. साहित्य आवारात मिळेल. नारळाच्या दोन करवंट्या वाजल्या की दुडक्या चालीने पळायचं, शिरीषाच्या शेंगांचा झुबका खुळखुळला की चवड्यांवर हळू चालायचं, आवाज बंद झाला की जागच्या जागी थांबायचं. या थांबण्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते, कारण धावतं अंग आवरायला मूल इथे शिकतं. एक-दोन दिवसांनी करवंट्या मुलांच्या हाती द्या. जे मूल कधी बोलत नाही, त्याला आधी. केळीची सुकी पानं अंथरून त्यांवरून चालवा, पावलांचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू येतो.

प्रश्न : उन्हाळ्यात काय करावं? (एक बाबा, धुळे)

सकाळी लवकर अंगणात, नंतर घरात. तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचवू नका.

प्रश्न : दोन वर्षांच्या नातवाला डबीत गुंजा किंवा चिंचोके भरून खुळखुळा करून देऊ का? (आजी, यावल)

गुंजा नकोतच आजी, त्या विषारी आहेत. एरंडाच्या आणि पिवळ्या कण्हेरीच्या बियाही तशाच. चिंचोके विषारी नाहीत, पण डबी उघडली तर घशात किंवा नाकात अडकतील. तुम्हाला गुलाबाईची गाणी येत असतील ना? नातवाला मांडीवर घ्या, गाणं म्हणा आणि दर ठेक्याला गुडघा हलवा.