सैन्यातून सुटल्यावर वीस-तीस वर्षांनी होणाऱ्या आजारांचा संबंध तेव्हाच्या विषारी धुराशी किंवा रसायनांशी खरंच असतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एवढी वर्षं धडधाकट राहिलेल्या माणसाने सत्तरीतला आजार तरुणपणीच्या धुराला चिकटवणं हा तुम्हाला पेन्शन वाढवून घ्यायचा बहाणा वाटतो. शंका रास्त आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मलाही असंच वाटायचं.

मी डॉक्टर नाही. फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी घेणारा तंत्रज्ञ आहे. नाकाला चिमटा लावून, तोंडात नळी देऊन "जोरात, अजून, अजून, सोडू नका" असं दिवसभर ओरडणारा माणूस असतो ना, तो मी. एकदा नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. दोन जिने चढले की कठडा धरून उभं राहावं लागतं, ही तक्रार. तीनदा फुंकून घेतलं, तिन्ही वेळा आकडे वयाच्या मानाने ठीक. खरं तर निकाल सांगणं माझं काम नाही, पण सवयीने बोलून गेलो, "काका, नॉर्मल आहे." त्यांनी चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मग मी खोटं बोलतोय का?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे वाचनात सापडलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी इराक-अफगाणिस्तानहून परतलेले ८० सैनिक तपासले होते. २०११ साली त्यांचा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एके काळी धावण्याची चाचणी सहज पार करणारी ही माणसं आता धापा टाकत होती, आणि बहुतेकांचे फुंकण्याच्या चाचणीचे आणि सीटी स्कॅनचे रिपोर्ट ठाकठीक. शेवटी ४९ जणांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून पाहिला. ३८ जणांच्या सगळ्यांत बारीक श्वासनलिका व्रण पडून आवळून गेल्या होत्या. त्यांतले बरेच जण २००३ मध्ये इराकमधल्या मोसूलजवळ मिश्राक इथे गंधकाच्या खाणीला लागलेल्या आगीच्या धुरात होते. ती आग जवळजवळ महिनाभर जळत होती.

माझं यंत्र हे पकडत नाही, याचं कारण साधं आहे. हमरस्त्यावरची वाहतूक मोजून गल्लीबोळ बंद पडलेत का हे कळत नाही. बारीक नलिका इतक्या असंख्य असतात की त्यांतल्या पुष्कळशा बुजेपर्यंत एकूण आकडा हलत नाही.

आता "एवढ्या वर्षांनी कसं?" याबद्दल. प्रत्येक विषाचं घड्याळ वेगळं असतं. ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे उष्णता अडवायला वापरल्या जाणाऱ्या खनिजाचा, तंतू श्वासातून आत गेला की शरीराला तो विरघळवता येत नाही. तो तिथेच टोचत बसतो, आणि मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग व्हायला वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने जंगलं उघडी पाडण्यासाठी तणनाशकं फवारली. त्यांतलं प्रमुख एजंट ऑरेंज. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा म्हणून हे नाव. त्यात भेसळ म्हणून आलेलं डायऑक्सिन हे विष चरबीत मुरतं आणि निम्मं व्हायलाच साधारण सात ते अकरा वर्षं घेतं. म्हणजे माणूस घरी परतला, लग्न झालं, मुलं झाली, तरी विष अंगातच.

या संदर्भात ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांची हकिगत माझ्या डोक्यातून जात नाही. व्हिएतनाममधल्या अमेरिकी नौदलाचे ते प्रमुख. नदीकाठच्या झाडीतून गस्ती बोटींवर गोळीबार व्हायचा, म्हणून काठ बोडके करायला त्यांनीच फवारणीचा आग्रह धरला. त्याच बोटींपैकी एकीवर त्यांचा मुलगा अधिकारी होता. मुलाला पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला आणि १९८८ साली, ४२ व्या वर्षी तो गेला. त्याच्या कर्करोगामागे ती फवारणीच असावी, असं बापलेक दोघेही मानत. तरीही ॲडमिरल म्हणत राहिले की तो हुकूम नसता दिला तर आणखी कितीतरी पोरं तिथेच मेली असती. मग उरलेलं आयुष्य त्यांनी आजारी सैनिकांना हक्क मिळवून देण्यात घालवलं. २००० साली ते स्वतः गेले ते मेसोथेलिओमाने. जुन्या युद्धनौकांमध्ये पाइपांपासून बॉयलरपर्यंत सगळीकडे ॲस्बेस्टॉस असायचं.

युद्धच व्हायला हवं असंही नाही. अमेरिकेतल्या कॅम्प लेजून या मरीन तळावर १९५३ ते १९८७ या काळात नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावकं उतरली होती. यंत्रांचं ग्रीस काढायची, कपडे ड्रायक्लीन करायची ही रसायनं. जवान तर ते पाणी प्यायलेच, त्यांच्या बायकामुलांनीही त्यातच स्वयंपाक केला, आंघोळी केल्या. २०२३ मध्ये तिथल्या जवानांची तुलना कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनच्या जवानांशी केली, तेव्हा लेजूनवाल्यांमध्ये पार्किन्सनचा धोका ७० टक्के जास्त निघाला. दोन्हीकडे तीच नोकरी आणि तोच व्यायाम. फरक पाण्याचा.

तुमच्या "बहाणा" शब्दाला सगळ्यात जवळचं प्रकरण १९९१ च्या आखाती युद्धाचं. परतलेले हजारो सैनिक थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी सांगत होते आणि त्यांना बरीच वर्षं "मानसिक ताण आहे" असं सांगून घरी पाठवलं गेलं. मार्च १९९१ मध्ये इराकमधल्या खामिसिया इथे अमेरिकी सैन्याने शस्त्रसाठा उडवून दिला. त्यात सारिन या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषारी वायूचे रॉकेट होते, हे पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, कबूल केलं १९९६ मध्ये. पुढच्या वर्षी सुमारे एक लाख सैनिकांना पत्रं गेली की तुम्ही कदाचित त्या वाऱ्याच्या वाटेत असाल. २०२२ साली डॉ. रॉबर्ट हेली यांच्या चमूने १,०१६ माजी सैनिकांचा अभ्यास छापला. सारिनसारख्या विषाचं विघटन करणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं. ते ज्या जनुकावरून बनतं, त्याचा कमकुवत प्रकार ज्यांच्याकडे होता आणि ज्यांनी रासायनिक हल्ल्याचे भोंगे ऐकले होते, त्यांच्यात आजाराचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. एकाच तंबूतला एक माणूस आजारी आणि दुसरा ठणठणीत का, याचा थोडा उलगडा इथे होतो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उत्तर एकांगी होईल. प्रत्येक माजी सैनिकाचा प्रत्येक आजार विषामुळे होत नाही. मधुमेह, रक्तदाब हे वयाने आणि राहणीनेही होतात, आणि समोर बसलेल्या एकाच माणसाबद्दल "हा त्या फवारणीमुळेच" असं छातीठोकपणे कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. म्हणूनच अमेरिकेने १९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्यात आणि पुढे ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्यात "गृहीत धरण्याचा" मार्ग काढला: तुम्ही अमुक काळात अमुक ठिकाणी होतात, यादीतला आजार तुम्हाला झाला, तर संबंध आहे असं मानू. हा विज्ञानाचा निकाल नव्हे, धोरण आहे. मला ते योग्य वाटतं. इराकमध्ये बलादच्या अमेरिकी तळावर कित्येक एकरांच्या खड्ड्यात प्लास्टिक, बॅटऱ्या, रंग, दवाखान्याचा कचरा विमानाचं इंधन ओतून जाळत. त्या धुराची रोजची नोंद वीस वर्षांच्या पोराने ठेवायला हवी होती का? हवा मोजायची यंत्रं त्याच्याकडे नव्हती, सरकारकडे होती.

त्या काकांचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी फॉर्म चाळला. दिवसाला किती सिगारेटी, किती वर्षं, घरात धूर होतो का, सगळ्याला रकाना होता. कामावर श्वासातून काय गेलं, याला नव्हता. विचारलं तर त्यांनी फॉर्मच्या पाठीमागे बॉयलर रूमचं चित्रच काढून दिलं. पाइपांवरचं पांढरं आवरण करवतीने कापायचो, म्हणाले, आणि भुगा गोळे करून एकमेकांना मारायचो. झोपायच्या फळीवरूनही असाच एक पाइप जायचा. तोफा चालल्या की उशीवर पांढरी पूड. मी तो कागद रिपोर्टला टाचला. डॉक्टरांनी तो पाहून वायू रक्तात किती शिरतो ती चाचणी आणि बारीक कापांचा सीटी स्कॅन सांगितला. पहिलीत आकडा खाली आला, दुसऱ्यात फुफ्फुसांच्या तळाशी व्रण दिसले.

तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्मवर पेनाने एक रकाना आखतो: कुठे काम केलं, हवेत काय होतं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. छापील फॉर्म अजून तसाच आहे.